शील रक्तात असते की शिकवणीत?

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या भेटीगाठींत एक प्रश्न वारंवार कानी येतो. तो विचारणारे बहुधा घरातले वडीलधारे माणूस असते आणि विचारताना त्याचा आवाज किंचित खाली येतो. "पंचशील रोज म्हणतो. मुलांकडूनही म्हणवून घेतो. पण म्हटल्याने स्वभाव बदलतो का? तो रक्तातच असावा लागतो." आणि पाठोपाठ एखादी म्हण येते. खाण तशी माती. कुंभार तसा लोटा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

वाचकहो, या म्हणी आपण लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून त्या निरुपद्रवी वाटतात. परंतु त्यांच्या पोटात एक संपूर्ण शास्त्र दडलेले आहे. चांगुलपणा जन्माबरोबर येतो, तो कोणाच्या वाट्याला येतो व कोणाच्या वाट्याला येत नाही हेही जन्मच ठरवितो, असे ते शास्त्र आहे. ज्या घराने नुकताच एक धर्म सोडून दुसरा स्वीकारला, त्या घराने तरी हे शास्त्र तपासल्याविना उंबरठ्याच्या आत घेऊ नये.

हे शास्त्र काही कोणा अडाण्याने रचलेले नाही. गीतेचा अठरावा अध्याय उघडून पाहावा. शम, दम, तप, क्षमा, सरळपणा ही ब्राह्मणाची स्वभावातूनच उपजणारी कर्मे म्हणून तेथे सांगितली आहेत आणि शूद्राच्या स्वभावातून उपजणारे कर्म कोणते, तर परिचर्या. क्षमा एकाला उपजत आणि सेवा दुसऱ्याला उपजत! ही वाटणी जन्मावरून नसून गुणांवरून आहे, असे सांगणारे पंडित पुष्कळ झाले. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या आपल्या न झालेल्या भाषणात त्यांना सरळ विचारले की, गुणच पाहावयाचे असतील, तर जन्मावरून चालत आलेली तीच चार नावे कायम ठेवण्याचा हट्ट कशासाठी? त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

इंग्रज सरकारलाही ही कल्पना परकी वाटली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८७१ साली त्याने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो व विणकराचा मुलगा विणकर, त्याअर्थी गुन्हेगाराचा मुलगाही गुन्हेगारच व्हावयाचा, असा युक्तिवाद त्याच्या समर्थनार्थ केला गेला. पुढे पाचच वर्षांनी, १८७६ मध्ये, इटलीतील लोंब्रोसो नावाच्या वैद्याने गुन्हेगारांच्या कवट्या मोजून, मनुष्य जन्मतःच गुन्हेगार असू शकतो, असे प्रतिपादणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे पूर्वेची पोथी आणि पश्चिमेची मोजपट्टी या बाबतीत एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसल्या होत्या. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जमातीची जमात नोंदवहीत चढवावयाची, हजेरीला बोलवावयाचे, गाव सोडावयाचे तर परवाना मागावयाचा. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड जी वसाहत झाली, तिला लोक 'सेटलमेंट' म्हणत आले.

या कायद्यातील एक गोष्ट मात्र मोठी बोलकी आहे. १८९७ च्या दुरुस्तीने अशा जमातींतील चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याची तरतूद झाली. आता आपणच विचार करावा. गुन्हा रक्तात असेल, तर मूल आईपासून दूर नेऊन काय साधणार? रक्त तर त्याच्याबरोबरच जाणार! आणि दूर नेल्याने मूल सुधारते असे सरकारला खरोखर वाटत होते, तर मग गुन्हा रक्तात नाही, हे त्याने मनोमन मान्यच केले होते. जन्माचा सिद्धांत सांगणाऱ्यांचा स्वतःच्या सिद्धांतावर कधी पुरता विश्वास नसतो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणविल्या गेल्या. नाव बदलले, परंतु पोलिसांची व शेजाऱ्यांची नजर तितक्या सहजी बदलली नाही.

भगवान बुद्धांपुढे हाच वाद येऊन गेला होता. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण, दोघेही विद्यार्थी. मातृकुळ व पितृकुळ सात पिढ्या शुद्ध असले म्हणजे ब्राह्मण, असे भारद्वाजाचे मत. शीलाने व आचरणाने ब्राह्मण, असे वासेट्ठाचे. एकमेकांना पटविता येईना, म्हणून ते भगवंतांकडे गेले. भगवंतांनी प्रथम गवत, झाडे, किडे, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांचा विचार केला. त्यांच्यात जन्माने आलेल्या निरनिराळ्या खुणा दिसतात. मनुष्यमात्रांत तशा दिसत नाहीत. मनुष्य शेती करतो म्हणून शेतकरी, आणि चोरी करतो म्हणून चोर. चोर हादेखील जन्माने नव्हे, कर्माने. १८७१ च्या कायदेपंडितांना हे उत्तर दोन हजारांहून अधिक वर्षे आधी दिले गेले होते.

येथवर वाचून आपण म्हणाल, प्रश्न मिटला. नीती जन्मजात नाही, ती शिकविली जाते, एवढे धरून चालावे. परंतु वाचकहो, इतक्या घाईने निघू नका. नीती सर्वस्वी शिकविलेलीच असते असे म्हटले, तर समाज शिकवील ती नीती असे म्हणावे लागेल. या देशाने शेकडो वर्षे काय शिकविले? मुंगीला साखर घालावी, गाईला घास द्यावा, आणि माणसाची सावली टाळावी. मग अस्पृश्यता पाळणारा मनुष्य नीतिमान ठरतो. त्याने आपला धडा चोख पाठ केलेला असतो! शिकवणीच्या बाहेर काहीच नसेल, तर त्या शिकवणीला खोटे म्हणावयाचे कोणत्या बळावर?

या अडचणीतून वाट मला एका कथनात सापडली. ते कोणत्याही तत्त्ववेत्त्याचे नाही. ते एका लहान मुलाच्या आठवणीचे आहे.

साल १९०१. बाबासाहेबांचे वडील खटाव तालुक्यात नोकरीस होते. उन्हाळ्याच्या सुटीत भीम, त्यांचे वडील बंधू आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून वडिलांकडे निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे, मनात आनंद. न्यावयास मात्र कोणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांच्या हाती पडले नव्हते. फलाट रिकामा झाला, तासभर गेला. तेव्हा स्टेशनमास्तर आपण होऊन मुलांजवळ आला आणि चौकशी करू लागला. मुलांची अवस्था पाहून त्याचे मन द्रवले होते. त्याला कोणी सांगितले नव्हते, त्याचे ते कामही नव्हते, त्यात त्याचा काही लाभही नव्हता. चार लेकरे परक्या ठिकाणी एकटी उभी आहेत, एवढेच त्याने पाहिले आणि त्याचे पाय तिकडे वळले.

मग त्याने रिवाजाप्रमाणे विचारले, तुम्ही कोण? भीमाने कसलाही विचार न करता खरे ते सांगितले. आम्ही महार आहोत. त्यासरशी त्या माणसाचा चेहरा पालटला. त्याला किळस आली, हे मुलांनाही दिसले. तो आपल्या खोलीत निघून गेला. सूर्य मावळतीला आला होता.

पण कथा तेथे संपत नाही, आणि माझ्या मते तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग येथेच सुरू होतो. अर्ध्या तासाने तोच स्टेशनमास्तर पुन्हा बाहेर आला. मुलांचे काय, हे त्याने विचारले. भाड्याची गाडी मिळवून देण्यासाठी तो गाडीवानांशी बोलू लागला. मुलांची जात एव्हाना गाडीवानांत पसरली होती. दुप्पट भाडे देऊ केले, तरी कोणी तयार होईना. शेवटी त्यानेच मुलांना विचारले की, तुम्हांला गाडी हाकता येईल काय? मुले हाकतील आणि गाडीवान बरोबर पायी चालेल, अशी तोड निघाली.

त्या माणसाला मी थोर ठरवीत नाही. त्याने मुलांना पाणीसुद्धा दिल्याचा उल्लेख नाही, आणि त्याने काढलेली तोड विटाळाचे सर्व नियम सांभाळूनच काढलेली होती. परंतु त्याच्या त्या तासाभराच्या वागण्याकडे जरा निरखून पाहा. पहिली दया आपसूक आली. किळस मात्र आपसूक आली नाही. त्यासाठी प्रश्न विचारावा लागला, उत्तर मिळावे लागले आणि त्या उत्तरातील एका शब्दाचा अर्थ त्याला आधी कोणीतरी शिकविलेला असावा लागला. मुलांच्या कपड्यांत, बोलण्यात, तोंडवळ्यात त्याला काहीच वेगळे दिसले नव्हते. ती ब्राह्मणांची मुले असावीत असेच त्याला वाटले होते. जात डोळ्यांना दिसत नाही, वाचकहो. ती विचारावी लागते. आणि जी गोष्ट विचारल्याविना कळत नाही, ती शिकविल्याविना मनात शिरणार तरी कशी? हेच अनुभव बाबासाहेबांनी इंग्रजीत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने लिहून ठेवले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. घरात एखादे शिकते मूल असेल, तर त्याच्याकडून ते मोठ्याने वाचवून घ्यावे.

अलीकडे शास्त्रज्ञांनी या प्रश्नाची बरीच तपासणी केली आहे. मांडीवरची मुले तर त्यांच्या कसोटीला उतरावयास तयारच असतात! २००६ साली वार्नेकेन व टोमासेलो या दोघांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर असा प्रसंग उभा केला की, मोठा मनुष्य कपडे वाळत घालीत आहे, त्याच्या हातून चिमटा पडतो आणि त्याचा हात तेथवर पोचत नाही. बक्षीस नाही, शाबासकीही नाही. तरीही अशा प्रसंगांत बहुतेक मुलांनी कधी ना कधी दुडुदुडु जाऊन मदत केली. आणि तोच चिमटा त्या माणसाने मुद्दाम फेकला, तेव्हा मुलांनी तशी धाव घेतली नाही. म्हणजे दुसऱ्याची अडचण ओळखणे आणि तिच्यासाठी उठणे, हे बोलताही नीट न येणाऱ्या वयात मनुष्याच्या अंगी असते.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. २००७ साली अमेरिकेतील येल विद्यापीठातून असा निष्कर्ष आला होता की, सहा व दहा महिन्यांची बालकेदेखील मदत करणारी आकृती पसंत करतात आणि अडथळा आणणारी टाळतात. मनुष्य नीती घेऊनच जन्मतो, असे त्यावरून मोठ्या उत्साहाने लिहिले गेले. पुढे ३७ प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला. २०२४ साली त्याचा निकाल बाहेर आला, तेव्हा बालकांची निवड जवळजवळ निम्मी-निम्मी निघाली. ज्यांना आपले मत सिद्ध करण्याची घाई असते, ते असा निकाल दडपतात. आपण दडपू नये. बीज केव्हा अंकुरते, याचा वाद अजून चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कुंपणाबद्दल मात्र पुरावा अधिक स्पष्ट आहे. इंग्लंडमधील संशोधकांनी २००५ साली दाखविले की, नुकत्याच जन्मलेल्या बालकाला आपल्या वंशाचा चेहरा आणि परक्या वंशाचा चेहरा यांत काहीच आवडनिवड नसते. तीन महिन्यांनंतर ते आपल्यासारख्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहू लागते. तीन महिने! एवढ्यात शिकवणी झाली, तीही कोणी न शिकविता, केवळ भोवताली कोण वावरते यावरून. याच्याच जोडीला २००६ साली इस्राएलमध्ये वाढणाऱ्या इथिओपियन मातांच्या बालकांची पाहणी प्रसिद्ध झाली. दोन्ही वर्णांची माणसे त्यांच्या अवतीभवती होती. आणि त्या बालकांत अशी आवडनिवड आढळली नाही. याहून जुनी गोष्ट ब्रिस्टलची आहे. हेन्री ताजफेल यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचे दोन गट पाडले, तेही अगदी क्षुल्लक निमित्ताने. पडद्यावरचे ठिपके कोणी जास्त मोजले व कोणी कमी, एवढ्यावरून. पैसे वाटण्याची पाळी आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. १९७० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. ठिपक्यांवरून जर असे होते, तर ज्या भेदामागे ग्रंथ, देव, लग्न आणि पाणवठा उभा आहे, त्याचे काय होणार!

म्हणून माझे मत असे की, माणूस दया घेऊन येतो. ती कोठवर न्यावयाची, हे त्याला शिकविले जाते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जे बजावले आहे ते याच दृष्टीने वाचावे. नीती तर टोळीतही असते. चोरांच्या टोळीत आपापसांत प्रामाणिकपणा असतो आणि जातीत जातभाईबद्दल कळवळा असतो. पण जी नीती गटाच्या कुंपणाशी थांबते, ती बाहेरच्या माणसाच्या दृष्टीने अनीतीच होय. यास्तव नीती केवळ पवित्र असून भागत नाही, ती सर्वांसाठी असावी लागते.

आणि ती आपोआप सर्वांसाठी होत नाही, म्हणूनच पंचशील आहे. आपण रोज जे म्हणतो त्यातील एका शब्दाकडे कदाचित आपले लक्ष गेले नसेल. प्रत्येक शीलात 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा पाठ. मी निर्मळ जन्मलो, असे आपण म्हणत नाही; मी पापी जन्मलो, असेही म्हणत नाही. हा पाठ मी शिकावयास घेतो, असे म्हणतो. मूल पोहणे शिकते ते पाण्यात उतरून. काठावर बसून पोहण्याचा मंत्र म्हटल्याने नव्हे. शीलाचे तसेच आहे. बावीस प्रतिज्ञांत नव्या जन्माची एक प्रतिज्ञा आहे. ज्याचा स्वभाव पहिल्या जन्मातच मुक्रर झाला, त्याला दुसरा जन्म निवडण्याची मुभा कोठून मिळणार होती?

आता थोडे आपल्या घराविषयी. हे लिहिणे सुखाचे नाही, पण आपल्याच पत्रात आपल्याविषयी लिहावयाचे नाही, तर ते कोठे लिहावे?

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने दीक्षा घेतल्याला वर्ष झाले होते. घर नेटके, भिंतीवर भगवंतांची व बाबासाहेबांची तसबीर. कर्त्या मुलाने आपल्याबरोबर कामावर असणाऱ्या एका मातंग स्नेह्याला जेवावयास बोलाविले. जेवण झाले, गप्पा झाल्या, पाहुणा समाधानाने गेला. मी मागे थांबलो होतो. मोरीशी आजी बसल्या होत्या. त्यांनी इतर भांडी एका बाजूला केली, पाहुण्याचा पेला राखेने वेगळा घासला आणि वेगळ्या फळीवर पालथा घातला. तोंडातून अवाक्षर काढले नाही. पाच वर्षांची नात दाराशी उभी राहून पाहत होती.

पुढच्या खेपेला मी गेलो, तेव्हा अंगणात मुलांचा खेळ चालला होता. त्या स्नेह्याचा मुलगाही त्यांत होता. खेळातल्या भातुकलीत नातीने सर्वांना पाणी वाढले आणि त्या मुलाला सांगितले, "तुझा पेला निराळा आहे."

मुलीच्या बापाचा चेहरा काळवंडला. तो तिच्यावर ओरडणार, एवढ्यात मी त्याला थांबविले. ओरडा तिच्या वाट्याचा नव्हता. दीड वर्षाची असताना हीच मुलगी शेजाऱ्याचे पडलेले लाकूड उचलून द्यावयास धावत असे, असे तिच्या आईनेच मला एकदा कौतुकाने सांगितले होते. मधल्या काळात तिला कोणी पोथी वाचून दाखविली नव्हती. एक पेला आणि एक फळी, एवढीच तिची शाळा झाली होती.

संध्याकाळी आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. काय झाले ते त्यांना कळले होते. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग त्यांच्या लहानपणची विहीर सांगू लागल्या. वरच्या आळीतली बाई हात उंच धरून वरून पाणी सोडी, आणि खाली ओंजळ धरून आई व त्या पीत. काठावर पाण्याचा थेंब पडला, तरी शिव्या बसत. मी विचारले, "मग तो पेला वेगळा ठेवायला तुम्हांला कोणी शिकवलं, आजी?"

"कुणीबी न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. "आईच्या दारात मांगीण आली की आई बी तसंच वरनं पाणी घालायची. मी बघत हुते."